चौथऱ्यावरची मांजर

"एका सकाळीत सहाशे वर्षांचा मळ उतरवतो! नाही उतरवला तर नाव नॉरिस टफली नाही!"

लिटल हॅम्बर्नच्या पबमध्ये, दुसऱ्या ग्लासानंतर, नॉरिसनं टेबलावर मूठ आपटली. सुंदर खेड्यांच्या स्पर्धेचा परीक्षक शनिवारी यायचा होता, आणि चौकातला दगडी क्रूस शेवाळानं आणि दगडफुलानं पार भरला होता. आता या गावात नवी कुंडी आणली तरी लोक तिला नासकं दूध फासून, वर शेवाळ चढवून जुनी करतात. तिथं हा खुळा जुन्याला नवं करायला निघाला!

पण त्याचं दुखणं वेगळं होतं. जन्मभर त्यानं गावची बस चालवली. गावातल्या दगडादगडावर जमीनदारांची नावं. त्यांच्या मेलेल्या कुत्र्याच्या नावाचासुद्धा बाक! आणि टफली? कुठ्ठे नाही.

"आमचं नाव एकदा या चौकात दिसलं पाहिजे, सिरिल!" तो पबवाल्याला म्हणाला. "बक्षिसाच्या पाटीखाली. 'सफाई : टफली.' बस्स!"

घरी आईला सांगितलं, तर विनीनं चहाचा कप खाली आदळला.

"त्या दगडाला हात लावायचा नाही."

"अगं आई, नुसता धुतोय!"

"लावायचा नाही म्हटलं ना! माझी मांजर बिथरेल."

ही मांजर म्हणजे एक प्रकरणच होतं. दर शनिवारी विनी नासक्या दुधाचा जग घेऊन क्रुसाकडे जायची. कुठं निघालीस विचारलं की म्हणायची, "चौथऱ्यावरच्या मांजरीला." ती मांजर गावात कुणीही पाहिली नव्हती. म्हातारचळ, म्हणून नॉरिस सोडून द्यायचा. खरं तर तो शाळेत होता तेव्हापासून ती जात होती, आणि तेव्हा ती म्हातारी नव्हती. पण एवढा विचार करायला डोकं लागतं.

दुसऱ्या दिवशी गावसमितीच्या अध्यक्षा मेव्हिसबाई काठी टेकत दारात.

"नॉरिस, क्रुसाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे!"

विनी आणि मेव्हिसबाई उभ्या जन्मात कधी एका बाजूला झाल्या नव्हत्या. चर्चमध्येसुद्धा दोन टोकांना बसायच्या. त्या दोघी एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर शहाणा माणूस तिथंच थांबला असता. नॉरिसनं गॅरेजमधून गाड्या धुवायचं मशीन आणलं!

शनिवारी सकाळी पाण्याचा फवारा असा सुटला की चर्चवरचे कावळे पुढच्या गावाला गेले. शेवाळाची लक्तरं उडाली. एक सिरिलच्या टकलावर बसलं. दगड दह्याच्या कवडीसारखा पांढराफेक निघाला. गाव टाळ्या वाजवायला लागलं, आणि तेवढ्यात परीक्षकही आले.

"थांबा थांबा! हे खाली काय कोरलंय?"

सगळे वाकले. चौथऱ्याच्या मागच्या अंगाला, छिन्नीनं, सुबक अक्षरांत : लेन टफली आणि मेव्हिस. मध्ये बदाम. खाली साल.

नॉरिसच्या जन्माचं.

मेव्हिसबाईंचा चेहरा बीटासारखा झाला. "लेन नावाची दहा माणसं होती गावात!"

"दहा कुठली?" सिरिल बोलून गेला. "टफली एकच! त्याच्याच पोराच्या हातात पाण्याची नळी आहे!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा चौक हसला. नॉरिसच्या हातातली नळी सापासारखी वळवळत त्याचेच बूट भिजवत होती.

परीक्षक मात्र हरखले. "क्रूस काय, गावोगाव असतात. पण हे! हे जिवंत प्रेम! बक्षीस तुम्हालाच. आणि या अक्षरांवर आता बोटभर शेवाळ चढता कामा नये. दरवर्षी येऊन बघणार मी!"

गर्दी बाजूला झाली. मागे विनी उभी होती. शनिवार होता, हातात जग.

तिनं ती अक्षरं एकदा पाहिली. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी. मग नॉरिसकडे.

"आई..." त्यानं नळी खाली टाकली. "आई, ती मांजर..."

"मेली," विनी म्हणाली. "आज सकाळी." तिनं जग त्याच्या हातात दिला आणि एकटीच घराकडे वळली.

पाटी लागली. 'सफाई : टफली' हेही लागलं. विनी आता दुकानात जायलासुद्धा चौक टाळते, चर्चला वळसा घालून जाते. घरात नॉरिसशी बोलते, पण हवेबद्दल. बाप असा निघाला याचं त्याला वाईट वाटतंच. पण इतकी वर्षं आईनं जे एकटीनं, वाटी-वाटी दुधानं झाकलं, ते आपण एका सकाळीत टाळ्या घेत उघडं केलं, हे त्याला गिळवत नाही.

म्हणून हल्ली पहाटे तोच जातो, जग घेऊन. परीक्षक गेला खड्ड्यात! अक्षरांवर नासकं दूध चोपडतो, आणि कुणी पाहायच्या आत परततो.

आणि मांजरी येतात. खऱ्याखुऱ्या! सगळ्या गावच्या! चाटूनपुसून अक्षरं अशी लख्ख करून ठेवतात, की बापाचं नाव आता बसच्या खिडकीतूनसुद्धा वाचता येतं.