शकूकाकूंचा ओला डबा

“कोपऱ्यातल्यांचं काल वाजलंय हां,” शकूकाकू सुमनला सांगत होत्या. “दोन पार्सलं आहेत. एक चायनीज, एक थाळी. नवरा-बायको एकाच घरात बसून वेगवेगळं मागवतायत, म्हणजे बघ.”

मी दाराच्या आत, भिंगाला डोळा लावून उभी होते. काकू गाऊनवर ओढणी घेऊन कॉरिडॉरमध्ये वाकल्या होत्या. हातात पापड भाजायचा चिमटा, आणि चिमट्यात कोपऱ्यातल्या जोडप्याच्या संसाराचा पुरावा लोंबकळत होता. सुमन आमच्या टॉवरमध्ये मजल्यामजल्यावर फिरून कचरा गोळा करते. ती पायाने लिफ्टचं दार अडवून, ड्रमावर कोपर टेकून रंगात येऊन ऐकत होती. खालच्या मजल्यांवर लोक लिफ्टच्या नावाने शंख करत होते. दोघींना त्याचं काही नव्हतं.

“आणि कोणाचं चुकलं, ते पण कळतं का ओ काकू?”

“थाळीवाल्याने भात तसाच टाकलाय. ज्याचा जीव जळतो त्याला भात जात नाही. डबा खोटं बोलत नाही, सुमन.”

डबा खोटं बोलत नाही, हे काकूंचं ब्रीदवाक्य. डिलाईल रोडवरची त्यांची चाळ पाडून तिथे हा टॉवर उभा राहिला, तेव्हा बाकीच्यांना घरात संडास आला म्हणून आनंद झाला. काकूंना मात्र माणसं दिसेनाशी झाली. चाळीत दारं सताड उघडी असायची. कोणाकडे बांगडा तळतोय, कोणाचा बाप पिऊन आलाय, कोणाची पोरगी गणितात उडालीय, हे सगळं नळावर जाता-जाता समजायचं. टॉवरमध्ये एक सेफ्टी डोअर, त्यामागे आणखी एक दार, आणि त्यामागे टीव्ही. बाहेर राहिले फक्त दोन डबे, हिरवा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्याचा. मग काकू डबे वाचायला शिकल्या. रोज, पेपरासारखे.

आम्ही दोघी, म्हणजे आई आणि मी, दादरहून इथे राहायला आलो. आई बँकेत आहे. मी घरातच लॅपटॉपवर काम करते, आणि मला माणसांशी बोलायला फारसं जमत नाही. माझी शाळा इंग्रजी. शाळेत मराठी बोलायची चोरी होती आणि गल्लीत इंग्रजी बोलायची. मधल्या मधे मी गप्प राहायला शिकले. त्यामुळे काकूंनी पहिल्यांदा आमची बेल वाजवली, तेव्हा मी दार उघडून नुसती उभी राहिले.

चिमट्यात एक मोठी, गुळगुळीत, तपकिरी बी होती.

“ह्यां काय गो?”

“अ‍ॅव्होकाडो.”

“आंब्याची कोय नाय, फणसाची आठळी नाय. खातात?”

“बी नाही. बाकीचं खातात.”

“चव कशी?”

मी प्रामाणिकपणे विचार केला. “अशी काही नसते.”

“मग एवढी मोठी बी कशाला?” काकू म्हणाल्या, आणि आमच्या सुक्या डब्यात सापडलेली ती बी ओल्यात टाकून निघून गेल्या. तो आमचा पहिला धडा.

पुढचे धडे भराभर झाले. चहाच्या पिशवीची चिठ्ठी सुक्यात, चोथा ओल्यात, आणि दोऱ्याला लावलेली पिन वेगळी. काकू ती पिशवी बेडूक फाडावा तशी फाडून दाखवायच्या. पिझ्झ्याचा खोका तेलकट असेल तर फाडायचा, कोरडं झाकण सुक्यात, तेलकट बूड ओल्यात. दुधाच्या पिशव्या धुवायच्या आणि दोरीवर चिमटे लावून वाळवायच्या. काकूंच्या खिडकीतल्या दोरीवर एका रांगेत पिशव्या फडफडत असायच्या, जणू एखाद्या बारशाच्या घरातले लंगोट. करवंटी ओली की सुकी, यावर तर सोसायटीची एक अख्खी सभा गेली. कोकणातली मंडळी, प्रत्येकाच्या घरी रोज एक नारळ फुटतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. शेवटी काकू उठून म्हणाल्या, “खोबरं खरवडलेली ओली, धुतलेली सुकी. आणि जो करवंटी न खरवडता टाकतो, त्याच्या घरात बाई नाय.” एका गृहस्थांनी मान खाली घातली.

माझ्याबद्दलही त्यांना सगळं माहीत होतं. एकदा लिफ्टपाशी गाठून म्हणाल्या, “वेफर्सची पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकतेस. आईपासून लपवतेस काय?”

मी लाल झाले.

“लपवायचं तर नीट लपव गो बाय. असं गुंडाळलं की माणूस मुद्दाम उघडून बघतो. वर दोन साध्या पिशव्या टाक, खाली कोण बघत नाय.”

टॉवरमधल्या पुरुषांचा एक युक्तिवाद ठरलेला होता. आपण वेगळं करायचं, आणि खाली गाडीत गेलं की सगळं एकच. आमचे सेक्रेटरी मोहिते हे वाक्य अशा खात्रीने म्हणायचे की जणू ते रोज त्याच गाडीतून ऑफिसला जातात. काकूंनी याचा निकाल लावायचं ठरवलं. एका सकाळी कचऱ्याची गाडी भरून निघाली, तशी त्यांनी आहे त्या गाऊनवर टॅक्सीला हात केला.

“किधर?”

“वो गाडी के पीछे.”

टॅक्सीवाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. “सोना गिर गया क्या, अम्मा?”

सालांच्या मागे चाललेय म्हटलं असतं तर त्याने तिथेच उतरवलं असतं. “हां,” काकू म्हणाल्या. “चेन.”

त्यानंतर त्या भल्या माणसाने मागेपुढे पाहिलं नाही. वडाळ्याच्या अलीकडे त्याने गाडीला आडवी टॅक्सी घातली आणि उतरून, अम्मा की चेन दो, म्हणून भांडायला उभा राहिला. गाडीवरची माणसं गोंधळली. काकूंनी तेवढ्यात मागे जाऊन डोकावून घेतलं. ओलं एका बाजूला, सुकं एका बाजूला, मध्ये पत्रा.

“मिला क्या?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“मिला,” काकू म्हणाल्या, आणि गळ्यातली चेन बाहेर काढून दाखवली. त्याने आकाशाकडे पाहून हात जोडले.

मोहित्यांना त्यांनी त्याच दुपारी गाठलं. मोहित्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आज वेगळं नेलं असेल. तुम्ही मागे होतात म्हणून.”

अशा या काकूंना एकाच गोष्टीचा गर्व होता. टॉवर झाल्यावर बरीच घरं फुटली होती. कोणी जागा विकून बदलापूर गाठलं, कोणाची मुलं वेगळी झाली, कोणी भाडेकरू ठेवला. काकू येता-जाता ऐकवायच्या, “टॉवर येऊदे नायतर विमान येऊदे. माझं घर नाय फुटलं. नंदू, सून, दोन नातवंडं, सगळी माझ्या हातचं जेवतात.” आणि ज्यांचं फुटलं होतं त्यांच्यासाठी पुढचं वाक्य तयार असायचं. “जिची सून टिकत नाय, तिच्या आमटीतच खोट.”

मोहित्यांनी टॅक्सीचं प्रकरण मनावर घेतलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी स्पर्धा काढली. ज्याचा ओला डबा सगळ्यात हलका, त्याला वार्षिक सभेत बक्षीस. सुमनने प्रत्येक मजल्यावर डब्यांचं वजन करायचं. काटा गल्लीतल्या रद्दीवाल्याकडून आणला, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्या टॉवरचा कचरा कमी भरला आणि मोहिते फार खूश झाले.

बक्षीस काकूंना मिळणार, यात कोणाला शंका नव्हती.

एका सकाळी सुमन यायच्या आधी कॉरिडॉरमध्ये खुडबुड झाली, म्हणून मी भिंगापाशी गेले. काकू आमचा हिरवा डबा उघडत होत्या. तपासणी असेल असं मला वाटलं. त्यांनी चिमट्याने आमची अ‍ॅव्होकाडोची सालं उचलली आणि स्वतःच्या डब्यात ठेवली. मग दुधीची सालं, मग कलिंगडाची फोड. पुढच्या दारावरून कोलंबीची टरफलं आली, कोपऱ्यातून बांगड्याचे काटे. डबा भरला तशा त्या जरा मागे सरकल्या, मान वाकडी करून बघितलं, आणि बांगड्याचे काटे सगळ्यात वर दिसतील असे लावले. पाहुण्यांसाठी ताट वाढतात तसे.

लिफ्ट उघडली.

“काय काकू, काल बांगडे वाटतं?” सुमनने डबा काट्यावर ठेवत विचारलं.

“नंदूला लागतात ना.”

“आणि हे हिरवं?”

“ती पोरं खातात. आता नातवंडांका आंबो नको, ह्यां होया.”

मला आधी हसूच आलं. आमची सालं खाणारी ती नातवंडं मी आठवायला लागले, आणि ती मला आठवेनात. नंदूलाही मी बरेच महिने पाहिलं नव्हतं. टॉवरमध्ये शेजारचा माणूस दिसला नाही, तर लिफ्टची वेळ जुळत नसेल असं समजायची पद्धत आहे.

त्याच संध्याकाळी आईने थालीपिठं केली आणि काकूंना द्यायला मला पिटाळलं. काकूंनी दार हातभर उघडलं. आत टीव्हीवर मोठ्या आवाजात कार्टून लागलं होतं. समोरच्या सोफ्यावर कोणी नव्हतं. टेबलावर एक वाटी पेज आणि लोणच्याची फोड.

“पोरं आत्ता क्लासला गेली,” काकू म्हणाल्या. “नंदू झोपलाय. नाईट आहे.”

मी ताटली पुढे केली. तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यावर मोठ्या अक्षरांत नंदू असं नाव आलं. आम्ही दोघींनीही ते वाचलं.

त्यांनी पाठ वळवून फोन घेतला. “हां रे. जेवले. घोडबंदरला गाडी येते ना वेळेवर कचऱ्याची? बायको वेगळं करते ना, ओलं-सुकं? ... नाय येत ह्या रविवारी पण? बरं. बरं, कामं असतात. पोरांना दे... आंघोळीला? बरं.”

फोन ठेवून त्या वळल्या.

“हा दुसरा नंदू,” त्या म्हणाल्या. “गावचा.”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी ताटली घेतली, दार लावलं, आणि आत कार्टूनचा आवाज आणखी थोडा वाढला.

मी हे कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. रोज सकाळी मात्र भिंगातून बघायचे आणि काकूंचा डबा पुरेसा भरला की मला बरं वाटायचं. एक-दोनदा मी आमच्या डब्यात वर चांगल्या दिसणाऱ्या वस्तू ठेवल्या. फणसाची सालं, अननसाचं शेंडीवालं डोकं. चार माणसांच्या घरात शोभेल असं.

वार्षिक सभा खालच्या हॉलमध्ये भरली. हिशेब झाले, पाण्याच्या टाकीवरचं भांडण झालं, आणि मोहित्यांनी माइक हातात घेतला. पहिलं बक्षीस आमच्या घराला होतं. आई दुसऱ्या रांगेत उडालीच. तिने मला कोपराने ढोसून पुढे पाठवलं. बक्षीस म्हणजे एक बादली, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर फुलाफुलांची रिबीन.

“सुका,” पहिल्या रांगेतून काकू सवयीने म्हणाल्या. “पण टेप सोडवून.”

सगळे हसले. मोहितेही हसले, आणि हातातला कागद वर धरून म्हणाले, “आता शेवटचा नंबर ऐका. गुरूचाच डबा सगळ्यात जड.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग हॉल हसण्याने भरून गेला. मोहिते वाईट माणूस नाहीत, पण इतके दिवस टॅक्सीचं उत्तर शोधत होते, ते आज आयतं सापडलं होतं.

“काकू, एवढं खातंय कोण? नंदूला उभं करा जरा. आलाय ना?” त्यांनी हॉलवरून नजर फिरवली. “नाही आला? हल्ली दिसतच नाय तो. सूनबाईपण नाय दिसत.”

“खरंच की,” मागून एक बाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा बदलापूरला गेला होता आणि काकूंकडून त्यांनी आमटीचं वाक्य पुष्कळदा ऐकलं होतं. “पोरांचा आवाज येतो तो टीव्हीतलाच वाटतो मला. आहेत ना गो शकू सगळी घरात?”

काकू उभ्या राहिल्या. करवंटीवर अख्ख्या सभेला गप्प करणाऱ्या काकू. त्यांनी ओढणी सारखी केली. मग आणखी एकदा सारखी केली. मागचं हसू हळूहळू थांबत होतं, आणि ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं.

मोहित्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी घाईघाईने माइक माझ्याकडे वळवला. “बरं, विजेत्यांचे दोन शब्द राहिले. बोला बेटा.”

शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी एकदा स्टेजवर गेले होते आणि एक शब्द न बोलता दुसऱ्या बाजूने उतरले होते. इथे दुसरी बाजू भिंत होती. थँक यू, एवढंच म्हणायचं होतं. माइक शिटी मारल्यासारखा वाजला. काकू अजून उभ्याच होत्या.

“आमचा डबा हलका असतो,” मी म्हटलं, “कारण मी काकूंकडे जेवते. रोज. त्यांचा म्हणून जड भरतो.”

दुसऱ्या रांगेत आईने माझ्याकडे, मी परस्पर लग्न केल्याचं कळावं तसं पाहिलं. सभेला निघायच्या आधी तिनेच मला वरण-भात वाढला होता. काकू खाली बसल्या. मोहित्यांनी माझं काडीसारखं मनगट पाहिलं, मग हातातला कागद, मग परत मनगट.

“तुम्ही एकट्या?” त्यांनी विचारलं. “एवढं?”

“हो,” मी माइकमध्ये म्हटलं. “मी खूप खाते.”