डायसर्टच्या वाळवंटावरील स्वारी

लिहिणार लिहितो, जे घडले तितकेच लिहितो, वाढवून लिहील त्यास दोष. शके १९२६, तारणनाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य पक्षी, मंदवारी, आयर्लंड मुलुखी सिटीवेस्ट परगण्यातून तीन मोटारी आणि अकरा माणसे एवढा सरंजाम पश्चिमेस क्लेअर प्रांती वाळवंट जिंकावयास निघाला, त्याची ही हकीकत.

स्वारीचे कारण ऐसे की, संगणकाचे कारखान्यातील मातबर सरदार सारंगराव यांचे हाती एक माहितीपत्रक लागले, आणि त्यात डायसर्ट नामे जागेचे हजार वर्षांचे पडके अवशेष दाखविले होते. रावांनी डायसर्ट म्हणजे डेझर्टच, ऐसा अर्थ लाविला. कोणी शंका घेतली, तो बोलिले, "अरे, आयरिश लोक आहेत, स्पेलिंग कसंही करतात. डन लिअरी गावाचं नाव कसं लिहितात, पाहिलंय ना?" दाखला बिनतोड ठरला. मग फर्मान सुटले की, टोप्या घ्याव्या, पाण्याच्या चोवीस बाटल्या घ्याव्या, ताक घ्यावे, छत्री मात्र कोणी बाळगू नये, फुकट ओझे होते.

दिलीपराव या स्वारीत येत नव्हते. त्यांचे कुटुंब शुभदाबाई अकरा महिन्यांमागे ब्युमॉन्टास इस्पितळात निवर्तल्या, आणि तेव्हापासून रावांनी एकूण एक आमंत्रण परतविले होते. परंतु सारंगराव दारात येऊन उभे राहिले आणि "तुमची गाडी नसेल तर आमच्या सासूबाई घरी बसतील," ऐसा पेच टाकिला, तेणेकरून निरुपाय. तरी चालकाचे शेजारची जागा, जेथे बसून शुभदाबाई रस्ता सांगत, ती कोणास द्यावयाची नाही, आणि कोणी बसलेच तर तेथूनच माघारी फिरावे, ऐसा त्यांचा मनाशी करार होता.

आणि त्या सासूबाई, वासंतीकाकू, नागपूरहून तीन महिन्यांचे मुक्कामास आलेल्या, त्यांनी नेमके पुढचेच दार धरिले. राव घाईने बोलिले, "काकू, तो पट्टा बिघडलाय." मग काकू मागे, चोवीस बाटल्यांचे गराड्यात जाऊन बसल्या.

मजल दरमजल कूच होत असता रॉसक्रेचे पुढे काकूंनी तोंडाशी पदर धरिला. "थांबवा हो दिलीपराव, जीव मळमळतो. मागे बसलं की मला होतंच." फौज थांबली. काकू कुंपणाशी वाकल्या, आणि राव पाण्याची बाटली धरून उभे राहिले, आणि काकूंनी तोंड धुऊन पुढच्या रिकाम्या जागेकडे एकवार पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा मागे जाऊन बसल्या. ते रावांस बोलण्याहून जड गेले. ऐसे एनिसपावेतो तीन वेळा जाहले.

मग डायसर्टास पोहोचतात, तो वाळूचा कण नाही. चहूकडे गवत आणि गाई, आणि वरून पावसाचा मारा. टोप्या भिजून कानांवर उतरल्या. समोर बिनछपराचे चर्च आणि मोडका मनोरा. फाटकाशी एक शेतकरी उभा होता, त्यास सारंगरावांनी वाळवंट कोणीकडे ऐसे पुसिले. तो पोटभर हसला आणि त्याने कळविले की, डायसर्ट म्हणजे वाळवंट नव्हे, एखादा साधू माणसे सोडून एकटा राहावयास जातो ती जागा. आणि आजचा दिवस तसा ग्रँडच आहे, पाऊस काल होता.

"सारंग, चोवीस बाटल्या!" केतकीबाई, त्यांचे कुटुंब, कडाडल्या.

"जागा एकांताची आहे ना? म्हणजे वाळवंटच झालं की."

"मग आता ताक पी."

दिलीपराव मात्र त्या शब्दापाशीच थांबले. एकट्याने राहावयाची जागा. कोणी बोलावू नये, कोणी शेजारी बसू नये. त्यांस ती फार पसंत पडली.

इतक्यात काकू दगडी दारापाशी गेल्या. कमानीवर माणसांची आणि जनावरांची तोंडे ओळीने कोरलेली, ती त्यांनी बोट करून मोजिली आणि बोलिल्या, "एकटं राहायचं होतं म्हणता, मग एवढी तोंडं काहून लावून घेतली दारावर? एकोणीस आहेत. अन् सगळी येणाऱ्याकडेच पाहतात."

रावांस हसू आले. अकरा महिन्यांत प्रथमच आले, म्हणून येथे नोंदिले. मग हसण्याचे दुसरेच काही होऊ लागले, तेव्हा राव मनोऱ्याआड जाऊन आले.

आणि निघतेवेळी त्यांनी मोटारीचे पुढचे दार स्वहस्ते उघडिले.

"अन् पट्टा?" काकूंनी पुसिले.

"बिघडला नव्हता, काकू. ती शुभदाची जागा."

"ठाऊक आहे मला," काकू बोलिल्या, "म्हणून तर ओकत आले." आणि ओल्या लुगड्यानिशी आत बसून त्यांनी खटकन पट्टा लाविला.

येणेप्रमाणे एनिसास मुक्काम करून आदितवारी फौज माघारी फिरली. वाळवंट हाती आले नाही, काकूंच्या चुळांस लागले तितके वगळता पाणी सारे परत आले, सर्दी अकराही जणांस जाहली. लिमरिकपासून काकू घोरत होत्या, रस्ता कोणी सांगितला नाही, दिलीपराव दोन वेळा चुकले आणि आपले आपण पुसत सिटीवेस्टास सुखरूप दाखल जाहले. फत्ते लिहिली असे.