सुभाषरावांचा गुडघा आणि पाचवी कॅप्सूल

माणसाचा गुडघा निवृत्तीपर्यंत त्याचा स्वतःचा असतो. त्यानंतर तो सार्वजनिक होतो. बेलापूरच्या आमच्या सोसायटीतले सुभाषराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांचा उजवा गुडघा सुजला. मुलीचं, सईचं लग्न सहा आठवड्यांवर आलेलं. कन्यादानाला पाटावर मांडी घालायची, आणि गुडघा तर खुर्चीतही कुरकुरायचा. "पोरीचं कन्यादान खुर्चीत बसून करणार नाही," असं ते म्हणाले.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. हा सल्ला सगळेच डॉक्टर देतात, म्हणून तो (रास्तपणे) कुणी मनावर घेतला नाही. पण होणारे जावई आशुतोष महाप्याच्या आयटी कंपनीत आहेत. त्यांनी एन्झाइमच्या कॅप्सूल पाठवल्या. पपई-अननसातलं हे एन्झाइम प्रथिनं विरघळवतं, म्हणजे सूजही विरघळवणारच. (त्यांच्या पत्नी मीनावहिनी मटणाला कच्ची पपई लावतात, तेव्हा घरात शास्त्राबद्दल शंका नव्हती.) शिवाय जावयाने दिलेलं नाकारायची आपल्याकडे पद्धत नाही.

अट एकच, पोट रिकामं हवं. खाण्याआधी एक तास, खाल्ल्यावर तीन तास. नाहीतर एन्झाइम सूज सोडून वडापाव पचवत बसतं. कॅप्सूल दिवसाला पाच. सुभाषरावांनी तक्ता आखला. चहा हे खाणं धरावं काय, यावर जावयांचा अभिप्राय मागवला. 'धरावं' असा आला. पाचवी कॅप्सूल बसवताना रात्रीचं जेवण तक्त्याबाहेर गेलं. दुपारी जेवायला पंचवीस मिनिटं उरली. फरसाणाला शून्य.

सहा आठवड्यांत सूज नव्वद टक्के उतरली (मोजणारे स्वतः सुभाषराव). वजनही नऊ किलो उतरलं. तो किरकोळ दुष्परिणाम समजण्यात आला.

जवळच्या दिवाळे गावाहून दारावर मासळी आणणाऱ्या चांगुणाबाई म्हणाल्या, "दादा, गोली कशाला? तुमी उपाशी हाव म्हनून पाय हलका झाला." त्यांच्याकडे पदवी नसल्याने मुद्दा नोंदवला गेला नाही.

लग्नात सुभाषराव पाटावर मांडी घालून बसले, आणि कुणाचा हात न धरता डोळे पुसत उठले. मलाही भरून आलं. मग जेवणात तिसऱ्यांदा जिलेबी घेत एकूण बासष्ट पाहुण्यांनी नवरदेवाला कॅप्सूलचं नाव विचारलं.

तुम्हालाही तेच विचारायचंय, ठाऊक आहे. जरूर मला फोन करा. फक्त वाचताना चहाबरोबर जे खाताय ते आधी संपवा, आणि तीन तासांनी करा.