उंच घोड्यांच्या राज्यातील उचलणीची हकीकत

श्री वाटदेवता प्रसन्न. जिच्या कृपेने चाक खड्ड्यात जाऊन पुन्हा वर येते तिचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्या घरची स्वारी सांजेस धड परत येते त्या घरच्या उंबऱ्यास दंडवत घालून, सेवक लिहितो ऐसे जे: शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी या राज्यात जे जाले ते पाहिले तसे लिहिले आहे. पदरचे थोडे घातले असेल तर ते मायेपोटी, कपटाने नव्हे.

राज्य लहान, नाव सांगण्याजोगे नाही. मुलूख म्हणावा तर शाळेमागचे एक मैदान, आणि पागा म्हणावी तर सात घरांचे सात पोर्च. फौज सात स्वारांची आणि घोडे सात, सर्व मोटारसायकली; परंतु आजकालच्या चकचकीत नव्हेत. वीस-पंचवीस वर्षे वयाच्या, समुद्रापलीकडून आलेल्या, उंच पाठीच्या आणि लांब पायांच्या, डांबरी सडकेवर चालाव्या आणि सडक संपली म्हणजे ओढ्यात, दगडात, चिखलातही तशाच चालाव्या ऐशा जातीच्या. कारखान्याने त्यांचे सुटे भाग बनविणे केव्हाच सोडून दिले, आणि एक रबरी वायसर हवा तर तीन तीन महिने टपालवाल्याची वाट पाहावी लागते. तरी स्वार मंडळी त्या विकीत नाहीत. का विकीत नाहीत हे त्यांच्या बायकांनी पुष्कळ वेळा विचारिले आहे, आणि उत्तरादाखल मंडळी चेनीस तेल घालावयास निघून जातात.

या राज्याचे राजे श्रीमंत बळवंतराव सोनटक्के. पूर्वी पाटबंधारे खात्यात चाकरीस होते, आता निवृत्त, वय बासष्ट, उंची पाच फूट चार इंच. आणि घोडा ऐसा उंच की राजे वर बसले म्हणजे दोन्ही पायांचे केवळ अंगठे भुईस लागावेत. त्यामुळे राजांस घोडा चालविण्याचे भय कधी वाटले नाही, भय वाटे ते थांबण्याचे. सिग्नल दिसला म्हणजे डावीकडे उंचवटा कोठे आहे तो आधी शोधावा, म्हैस आडवी आली म्हणजे म्हशीआधी भुईचा उतार पाहावा, ऐसा त्यांचा परिपाठ. आणि या राज्यात कायदा एकच, तोही राजांनीच घातलेला. पूर्वी एका मोहिमेत, म्हणजे फौजेच्या दरसालच्या डोंगरसफरीत, एक स्वार ओढ्यात एकटाच मागे राहून पडला, आणि घोड्याखाली पाय अडकून दोन तास तसाच पडून राहिला. तेव्हापासून राजांनी आज्ञा केली की दर साली मोहिमेपूर्वी मैदानात उचलणी व्हावी. म्हणजे प्रत्येकाने आपला घोडा कुशीवर निजवावा, मग त्याकडे पाठ करावी, उकिडवे बसावे, एक हात हँडलास आणि एक मागच्या कड्यास घालावा, आणि पायांच्या जोरावर मागे सरकत घोडा उभा करावा. दुसऱ्याने बोट लावू नये. ज्यास उठेल त्याने मोहिमेस यावे, ज्यास न उठेल त्याने घरी बसावे.

कायदा चांगला होता, आणि राजे तरुण होते तोवर तर फारच चांगला होता. गेल्या साली सरदार गजाननराव पोतनीस, वय सदुसष्ट, यांनी आपला घोडा निजविला, तेव्हा झाकणावाटे पेट्रोल वाहून मैदान ओले जाले आणि वास सर्वांच्या नाकात गेला. पोतनीसांनी तीन वेळा जोर केला आणि तीन वेळा ते मटकन खाली बसले. मग ते उठून हात झटकीत म्हणाले, "बळवंतराव, चौथ्यांदा बघू का?" आणि राजे म्हणाले, "नियम तो नियम, गजाननराव." पोतनीसांनी महिन्याभरात घोडा विकून टाकिला. आता ते पहाटे कॅनॉलच्या कडेने फिरावयास जातात, आणि मोटारसायकलचा आवाज आला म्हणजे पाण्याकडे तोंड करून उभे राहतात.

आणि यंदा भाद्रपदापासून राजांचा उजवा खांदा धरला. शर्टाची बाही चढवावी तर डोळ्यांस पाणी यावे. राजांनी ही गोष्ट फौजेस कळू दिली नाही. कळविले तर पोतनीस, न कळविले तर मैदानात सर्वांदेखत पोतनीस, ऐसा दोहींकडून पेच. दिवसभर त्यांचे मनात तेच घोळे; जेवताना घास हातात राहावा, वर्तमानपत्र उलटे धरिलेले ध्यानात न यावे. एके दिवशी दुपारी, गल्ली निजली आहे ऐसे पाहून, राजांनी घरामागे गोणपाट अंथरून घोडा निजविला आणि उचलू गेले. घोडा वीतभर उठला, खांद्यात कळ आली, आणि घोडा पुन्हा निजला. तोच राणीसाहेब सुलभाबाई वाळत घातलेले कपडे काढावयास बाहेर आल्या. त्यांनी कपडे खांद्यावर टाकिले, मागचे कडे धरिले, आणि उभयतांनी घोडा उभा केला.

मग बाई बोलल्या, "अहो, हे असं किती दिवस चालायचं? सांगा ना त्यांना, खांदा दुखतोय म्हणून. त्यात काय लाज?"

राजे म्हणाले, "सांगितलं की संपलं, सुलभा. नियम माझाच आहे."

"मग बदला. तुमचाच आहे ना?"

"गजाननरावांना काढलं तेव्हा नाही बदलला. आता स्वतःसाठी बदलू? कुठल्या तोंडानं?"

यावर बाई कपडे घेऊन आत गेल्या. आणि राजांस ते रात्रंदिवस टोचत राहिले. मग विचार करिता करिता त्यांस एक युक्ती सुचली, आणि युक्ती सुचली तशी आपलीच लाजही वाटली, परंतु भय लाजेहून मोठे ठरले. जुन्या घोड्याची टाकी थोरली, वीस लिटरांची. ती रिती केली तर घोडा पंधरा किलोंनी हलका होतो. तेव्हा उचलणीच्या आदले दिवशी सकाळी राजांनी नळी लावून सारे पेट्रोल डब्यांत काढिले आणि डबे जिन्याखाली नेऊन ठेविले. बाई कडाडल्या, "घरात गॅस आहे, मी देवापुढे निरांजन लावते, आणि तुम्ही जिन्याखाली पेट्रोल ठेवताय? खांदा राहू द्या, आधी डोकं दाखवा कुणाला तरी!" मग डबे आवारातील पाण्याच्या टाकीमागे गेले. घोड्याचे पोटात पंपापर्यंत पोहोचण्यापुरते दोन तांबे पेट्रोल राहिले.

पंचमीस सकाळी सात वाजता फौज मैदानात जमली. सरनौबत डॉक्टर अनिरुद्ध भिडे, हे दातांचे वैद्य, वय पंचावन्न, बोलण्यात करडे, उचलणीचे वेळी आकडे मोजण्याचा मान त्यांचा. नालबंद सरदार जहांगीर मुलाणी, यांचे गॅरेज, सातही घोड्यांची नाडी यांसच ठाऊक. आणि इतर चौघे. एकेकाने घोडा निजविला आणि एकेकाने उचलिला. भिडे यांनीही उचलिला, मुलाणी यांनीही. मग राजांची पाळी आली. एखादा जवळ येऊन टाकीवर टिचकी मारील आणि रिता डबा वाजावा तशी ती वाजेल, या धाकाने ते घोड्यास आडवे उभे राहिले. मग पाठ केली, बसले, डाव्या खांद्यावर सारा भार घेतला, आणि भिडे यांनी "एक, दोन, तीन" म्हणताच दात आवळून रेटा दिला. घोडा उठला. टाळ्या जाल्या. राजांस आनंद जाला नाही. केवळ आता हे लवकर आटोपावे आणि पंप गाठावा इतकेच वाटले.

परंतु पंपही एकट्याने गाठता येईना, कारण सारी फौज बरोबर. राजांनी मनात सबब तयार केली की राखीव पेट्रोलच्या तोटीचा, म्हणजे कॉकचा, घोटाळा जाला आहे. पहिल्याच पंपावर राजे वळले, आणि पाहतात तो मागून भिडे वळले, त्यांचे मागून मुलाणी, आणि मग बाकीचेही सारे. कोणी कोणास कारण पुसले नाही. पंपावर शेवंताबाई म्हणून एक बाई होत्या, वर्दीवर स्वेटर घातलेल्या, नळी हाती घेऊन त्यांनी राजांची टाकी भरिली, मग भिड्यांची भरिली, मग तिसरी, चौथी, पाचवी भरिली, आणि सहाव्या टाकीचे झाकण उघडून आत डोकावून मोठ्याने म्हणाल्या, "काय वो, सगळ्यांच्याच टाक्या कशा कोरड्याठाक? येताना ढकलीत आणल्या का काय?"

तेव्हा सातही जण खाली पाहू लागले. भिडे हातमोजे काढून पुन्हा घालू लागले, मुलाणी चेन तपासू लागले. हा मजकूर लिहिणारा सेवकही त्या सातांत होता. त्याच्या टाकीचे काय ते वाचणाराने पुसू नये. आणि मग राजांचे ध्यानात आले की आज मैदानात सात घोडे निजले आणि एकाचाही पेट्रोलचा वास आला नाही. वास आला तो गेल्या साली, आपल्या घोड्याखेरीज एका पोतनीसांच्याच घोड्याचा. पोतनीस भरल्या टाकीनिशी आले होते. राजांस पंपाच्या खांबास धरावे लागले. शेवंताबाई म्हणाल्या, "चक्कर आली काय? पानी देऊ?" राजे मानेनेच नको म्हणाले.

मग कूच जाले, परंतु ते पहिल्यासारखे नव्हे. आता टाक्या भरलेल्या, घोडे जड, आणि पडला तर आपला आपणास उठणार नाही हे सातांसही ठाऊक आणि दुसऱ्या सहांचेही तेच हेही ठाऊक. एरवी जो तो धूळ उडवीत पुढे जाई, ते दिवशी कोणी कोणास नजरेआड होऊ देईना. पुढला मागल्यासाठी थांबे, आरशात दिवे मोजी, सहा भरले म्हणजे निघे. घाट चढून पठार लागले, डांबर संपले, सुट्या दगडांची वाट आली. तेथे एका चढाच्या वळणावर पुढला घोडा एकाएकी थांबला, राजांसही थांबावे लागले, त्यांनी डावा अंगठा टेकावयास खाली नेला, आणि खाली भुईच नव्हती, घळ होती. घोडा सावकाश कलला. राजे उडी टाकून सुटले, आणि घोडा दगडांवर निजला. झाकणावाटे पेट्रोल वाहू लागले, आणि त्याचा वास साऱ्या पठारावर गेला.

सहा जण उतरून भोवती उभे राहिले. कोणी बोट लाविले नाही, कायदा होता. राजांनी पाठ केली, बसले, रेटा दिला. घोडा हलला नाही. पुन्हा दिला, खांद्यात ऐसी कळ आली की तोंडातून आवाज निघाला. भिडे यांनी सवयीने "तीन" म्हटले आणि मग जीभ चावली. मुलाणी कळवळून म्हणाले, "मालक, तेल जातंय सगळं. फकस्त हुकूम करा." राजे उकिडवेच बसून राहिले. इतक्या वर्षांत जे कोणास बोलू दिले नाही ते आपणच बोलावे लागणार, हे त्यांस कळले होते. मग ते भुईकडे पाहत म्हणाले, "धरा रे. माझा खांदा गेलाय. मला नाही उठत."

इतके शब्द निघताच सहाही जण धावले. घोडा निमिषात उभा राहिला. भिडे हँडल धरून उभे असता हळूच म्हणाले, "माझं मनगट गेल्या वर्षीपासून काम देत नाही, बळवंतराव." दुसरा म्हणाला पाठ, तिसरा म्हणाला गुडघा. आणि राजे दगडावर बसून रडले, सर्वांदेखत, रुमाल न शोधता.

येणेप्रमाणे हकीकत. उचलणीचा कायदा ते दिवशी मोडला, तो राजांनीच मोडिला, आणि तो एक वर्ष उशिरा मोडिला हेही राजांनीच तेथे बोलून दाखविले. मग मोहीम तेथूनच माघारी फिरविली, आणि सात स्वार घाट उतरून पोतनीसांचे दारी गेले. राजांनी दार वाजविले. आत टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद जाला. दार उघडले नाही.