एकाच उतारावरची कॉफी

माझी जीभ म्हणजे काय चीज आहे, हे आधीच सांगून टाकतो. बिस्किटांच्या कारखान्यात गेली सव्वीस वर्षं मी चव बघायच्या खात्यात आहे. पिठात मीठ चिमूटभर जास्त पडलं, तर पहिल्याच तुकड्याला पकडतो! साहेबसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. घरी मात्र कौतुक शून्य. बायको म्हणते, "जिभेचं काय सांगता, ती चोवीस तास चालूच असते!"

तर आमच्या लेकीने तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली आणि डोंगरात कॉफी पिकवायला गेली. तेव्हापासून घर नुसतं खायला उठतं. ती फोन करते, पण फोनवर सगळी कॉफीच!

"एकाच उतारावरची आहे, बाबा! दुसरीकडचा एक दाणा मिसळायचा नाही. इतक्या उंचीवर थंडीत फळ सावकाश पिकतं, म्हणून चव भरते."

"हं, हं," मी म्हणायचो. कॉफीचं मला काय, मी तिचा आवाज ऐकत बसायचो.

मग एकदा ती म्हणाली, "बाबा, पहिलं पीक पाठवतेय. मळ्याचे मालक हा उतार आणखी तीन वर्षं माझ्याकडे देतायत. पण चव जमली असेल तरच मी हो म्हणणार. इथले सगळे मला बरं वाटावं म्हणून छान छान करतात, आणि मी चाखून चाखून बधिर झालेय. तुमची जीभ खोटं बोलत नाही. वाईट म्हणालात तर गाशा गुंडाळून घरी!"

दाणे ताजे भाजलेले होते. भाजताना धरलेला वायू निघून जावा म्हणून पाकीट उघडून चार दिवस ठेवायचं, असं लेकीने बजावलं होतं. मी लगेच बायकोला साहेबी आवाजात फर्मान सोडलं, "अंधारी, थंड, कोरडी जागा बघून ठेव. स्वयंपाकघरात मुळीच नको, फोडणीचा वास लागेल!"

"बरं," बायको म्हणाली. ती इतक्या पटकन बरं म्हणते तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी लेक फोनवर, मी टेबलापाशी, बायको कप घेऊन हजर. जाणकारासारखी भुर्रकन कॉफी ओढली, जिभेवर घोळवली...

"काय लागतंय, बाबा?"

"चामडं," मी म्हणालो.

"अं?"

थांबावं ना माणसाने! पण सव्वीस वर्षांची सवय. मी आणखी एक घोट घेतला. "मागे रबर. आणि शेवटी... ओला मोजा."

पलीकडून लेकीचा बारीक आवाज आला, "बरं झालं खरं सांगितलंत. मालकांना संध्याकाळी नाही म्हणून कळवते." आणि फोन बंद.

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण तासाभराने पाहतो तर बायकोने लेकीची गादी उन्हात टाकलेली, आणि मी तिच्या खोलीतला गेलेला दिवा बदलायला स्टुलावर चढलेलो! दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. बायको तर चक्क गुणगुणत होती.

"उरलेले दाणे साहेबांना दाखवतो," मी स्टुलावरूनच म्हणालो. "कुठे ठेवलेस?"

"तुम्ही सांगितलंत तिथेच. बुटांच्या कपाटात."

मी स्टुलावरून पडलो नाही, हे नशीब!

"बुटांच्या?"

"अंधारी, थंड, कोरडी! स्वयंपाकघर नको म्हणालात. मग या एवढ्याशा घरात दुसरी जागा दाखवा मला!"

दिवसभर कारखान्यात उभं राहिलेल्या माझ्या बुटांशेजारी बिचारे दाणे चार दिवस उघडे पडले होते. मी फोन उचलला. बायकोने हळूच माझा हात धरला.

"आपण नाही सांगितलं तर? येईल हो ती."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. आम्ही दोघं त्या उन्हात टाकलेल्या गादीवर बराच वेळ बसून राहिलो. मला ती घरी हवी होती. पण माझ्या बुटांमुळे नको होती. मी नंबर लावला.

लेकीचा आवाज रडून जड झाला होता. मी कपाटाची सगळी कथा सांगितली आणि ती अशी हसली, अशी हसली की तिला उचकी लागली! मग एकदम गंभीर झाली. "बाबा, अजून एक घोट घ्या. बुटांच्या खाली काही लागतंय का बघा. खरं सांगा हं!"

कप गार झाला होता. मी डोळे मिटून घोट घेतला. चामडं गेलं, रबर गेलं.

"संत्र्याची साल," मी म्हणालो. "आणि मागून मध."

ती किंचाळलीच! "जमलं, बाबा! म्हणजे मी तीन वर्षं राहतेय!"

"राहा, राहा," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

बायको गादीची घडी करत होती. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "खरंच लागलं का हो संत्रं? की उगाच तिला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच लागलं ना," मी म्हणालो. "तीच तर पंचाईत झाली!"