पैलवान नक्को, हवालदार घे

कय्यूमचाचा कुणालाही नावाने हाक मारत नसत. पानाच्या नंबराने मारत. "ए दोनशेबारा, तुझी किताब झाली, घेऊन जा." "काय एकशेचार, आज कॉलेज नाय का?" ज्याला हाक मारली तो भावी डॉक्टर मुकाट्याने वळून बघे, कारण अॅनाटॉमीच्या पुस्तकात आपण एकशेचार पानांपुढे गेलेलो नाही, हे त्याला पक्के ठाऊक असे. ते चाचांना कसे ठाऊक, हा प्रश्न फक्त नवीन आलेली मुले विचारत.

औरंगाबादेत औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत त्यांचे बाइंडिंगचे दुकान होते. दुकान म्हणजे पुस्तके दाबायचा लाकडी शिकंजा, खळीचे पातेले, पुठ्ठ्यांची चळत आणि यातून उरलेल्या जागेत मांडी घालून चाचा. मेडिकलची पुस्तके इतकी जाड असतात की सहा महिन्यांत त्यांचा कणा मोडतो. मोडलेली सगळी चाचांकडे येत. चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजीतले फक्त आकडे वाचता येत. पुस्तक हातात आले की ते आधी समोरच्या कडेवरून अंगठा फिरवत, मग वास घेत आणि निकाल देऊन टाकत.

"वरच्या कडेला धूळ म्हंजे कपाटात होती. समोर मळ म्हंजे हातात होती. कड झूट बोलत नाय, बेटा."

बोटांचा मळ जिथे संपला तिथे वाचन संपले, इतके साधे गणित. पण चाचा त्यातही खोलात जात. रोजच्या अभ्यासाचा मळ निराळा, परीक्षेच्या तोंडावरचा निराळा. डोक्याचे तेल आणि मेसच्या भाजीचे तेल यांतला फरक त्यांना वासावर कळे. एका मुलाला त्यांनी माझ्यादेखत विचारले होते, "दिल के फोटोवर बसून भजे खाल्ले ना तू?" मुलाने कान पकडले.

त्यामुळे पहिल्या वर्षाला कुठले पुस्तक घ्यावे, हे आमच्या प्राध्यापकांपेक्षा चाचांना जास्त कळत असे. प्राध्यापक पुस्तकात काय आहे ते सांगत. चाचा सांगत, ते कुणी कुठवर वाचते. लेखकांची नावे वाचता येत नसल्याने त्यांनी पुस्तकांचे आपले बारसे केले होते. अॅनाटॉमीचे परदेशी, दोन्ही हातांनी उचलायचे पुस्तक म्हणजे 'पैलवान'. तीन भागांतले, खाकी कव्हरचे, साधे देशी पुस्तक म्हणजे 'हवालदार'. रंगीत चित्रांचे गुळगुळीत पुस्तक म्हणजे 'नवरदेव', कारण "सगळे बघायला येतात, कामाला कुणी लावत नाय." आणि बायोकेमिस्ट्रीचे पुस्तक, जे वर्षभर सगळे टाळतात आणि शेवटच्या आठवड्यात पाया पडतात, ते 'सासू'.

मला मेडिकलला प्रवेश मिळाला ते वर्ष दुष्काळाचे होते. आम्ही पैठणचे. धरण उशाला, तरी घरी पाण्याचा टँकर, आणि धरणाच्या पोटातली बुडालेली देवळे उघडी पडलेली. माझे वडील, अण्णा, पैठण-औरंगाबाद एसटीवर कंडक्टर होते. पोरीला डॉक्टरीला घातले हे त्यांनी त्या मार्गावरच्या बहुतेक सगळ्या प्रवाशांना तिकिटाबरोबर सांगितले होते. पुस्तके घ्यायला ते खाकी गणवेशातच माझ्याबरोबर आले. पुस्तकवाल्याने सुचवले, आधी कय्यूमचाचांना विचारा.

चाचांनी पहिल्यांदा हात पुढे केला तो पुस्तकासाठी नव्हे, पाण्यासाठी. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचे आणि मैद्याची खळ पाण्याशिवाय शिजत नाही. म्हणून नियमच होता, येताना एक बाटली पाणी आणायचे. अण्णांनी आपली बाटली दिली. चाचांनी त्यातले अर्धे पातेल्यात ओतले आणि अर्धे आम्हालाच प्यायला परत केले.

मग त्यांनी दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांतून दोन काढून समोर ठेवली. पैलवानाची कड बोटभर काळी आणि पुढे पांढरी शुभ्र. हवालदाराची कड शेवटपर्यंत काळीकुट्ट.

"बघा. पैलवान नक्को, हवालदार घे."

पण माझे मन पैलवानावर जडले होते. होस्टेलच्या खोलीत पुण्याहून आलेली एक मुलगी होती, तिच्या टेबलावर पैलवान होता. आणि मी मराठी शाळेतली. निदान पुस्तक तरी तिच्याएवढे असावे, एवढीच माझी हौस. अण्णांनाही ते खाकी पातळ भाग पटेनात. म्हणाले, "पुस्तक कसं, भरीव पाहिजे." घेतला पैलवान. चाचांनी मुकाट्याने त्याला जादा शिलाई घातली आणि विचारले, "तीन तुकडे करू का? उचलायला हलका होईल." मी किंचाळले. सुरी खाली ठेवून ते फक्त हसले.

त्या पैलवानाने मला पहिल्याच महिन्यात लोळवले. एका ओळीत चार शब्द अडायचे. डिक्शनरीत बघून परत येईपर्यंत पहिला शब्द विसरायचा. काखेतल्या नसांचे जे जाळे आहे, तिथे, अठ्ठेचाळिसाव्या पानावर, मी अडकले ती अडकलेच. पहाटे टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभी राहायचे, दिवसभर वर्गात मान डोलवायचे आणि संध्याकाळी तेच पान उघडून रडायचे. सहामाहीत नापास झाले. मी ठरवून टाकले, मेडिकल सोडायचे. फक्त अण्णांना सांगायचे कसे, तेवढे ठरत नव्हते.

अण्णा फोनवर विचारत, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायचे, छान. अण्णांना आमच्या परीक्षा कळत नव्हत्या, मार्क कळत नव्हते. पण चाचांची कड त्यांना कळली होती. एके दिवशी म्हणाले, "रविवारी येतो. पुस्तक घेऊन चाचाकडं जाऊ. किती वाचलंस ते त्यांच्याच तोंडून ऐकतो."

शनिवारी दुपारी मी मेसमधून पोळ्यांचा तवा मागून आणला. त्याच्या बुडाची काजळी काढली, तीत खोबरेल तेल आणि आवारातली माती मिसळली आणि पैलवानाच्या कडेवर पानापानाला चोळत बसले. चारशे पानांपर्यंत. थोडे कमीजास्त दिसावे म्हणून मधली काही पाने सोडलीसुद्धा. संपूर्ण सहामाहीत पुस्तकावर मी सलग एवढी मेहनत घेतलेली नव्हती.

रविवारी चाचांनी पैलवान मांडीवर घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. वास घेतला. मग मधोमध उघडला, तर नव्या चपलेसारखा करकरला. न वाचलेल्या पुस्तकाची शिलाई कशी बोलते, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितले. मग त्यांनी अण्णांकडे बघितले. अण्णा तिकिटांची बॅग पोटाशी धरून, देवळात उभे राहावे तसे उभे होते.

"किती, चाचा?"

चाचांनी पैलवान हळूच मिटला.

"पोरगी लई वाचती," ते म्हणाले. "चारशे पानं. पण पैलवान थकला बघा, शिलाई ढिली झाली. तो माझ्याकडं राहू द्या. तवर ही हवालदार घेऊन जाईल."

अण्णांचे डोळे भरून आले. चाचांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि दोनची गाडी गाठायला निघून गेले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत चाचा त्यांच्याकडे बघत होते. मग खळ ढवळत मला म्हणाले, "तवा कुणाचा होता?"

मी तिथेच रडायला लागले. सोडायचे ठरवले आहे, हेही सांगून टाकले.

"सोड की. कोण धरलंय? पण परीक्षेनंतर सोड. तवर रोज पाच पानं. संध्याकाळी येऊन मला कड दाखवायची." एवढे बोलून त्यांनी हवालदाराचा पहिला भाग माझ्याकडे सरकवला. "आणि हात धुऊन वाचू नको."

मी रोज जाऊ लागले. हवालदाराची इंग्रजी साधी होती, दोनदा वाचली की कळायची. "आलं बघा अकरा," चाचा म्हणायचे. मग सोळा, मग एकवीस. काखेतल्या नसा मी त्यांच्याच दुकानात, त्यांच्या शिलाईच्या दोऱ्यांनी गुंफून पाठ केल्या. वर्षाअखेरीला पास झाले. नंबर-बिंबर काही आला नाही, पण पास झाले, आणि सोडायचे राहूनच गेले.

पुढे माझी इंटर्नशिप आली तेव्हा गल्लीचा रस्ता रुंद व्हायचा होता. पाडायच्या भिंतीभिंतींवर लाल खुणा पडल्या. शेजारची दुकाने एकेक करून बीड बायपासकडच्या नव्या गाळ्यांत गेली. चाचांच्या मुलाने, सलीमने, पुंडलिकनगरमध्ये फ्लॅट घेतला होता आणि खाली अब्बांसाठी गाळाही. चाचा हलेनात. बाइंडिंगचे काम आता फारसे येत नव्हते, तरी सकाळी नऊला शटर वर. सलीम मला म्हणाला, "ताई, तुम्ही डॉक्टर झालात, तुमचं ऐकतील. समजावा जरा."

मी गेले. तब्येतीचे सांगितले, धुळीचे सांगितले. चाचा ऐकून घेत होते. शेवटी उठले आणि वरच्या फळीवरून हवालदाराचा पहिला भाग काढून त्यांनी माझ्या हातात दिला. बाइंडिंग अगदी ताजे होते. कड मात्र जुनी, थोडीशीच मळलेली.

"कन्नड तालुक्यातलं लेकरू होतं. तुझ्या आधी लई वर्षं झाली. त्याचा बाप पण असाच आला, विचारला, किती वाचलं. मी म्हटलं, बासष्ट पानं, पुढं कोरं आहे. खरं सांगितलं. मला तेव्हा माझ्या हुशारीची लई घमेंड होती." माझ्या हातातल्या कडेवर त्यांनी अंगठा टेकवला. "बापानं तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या मुस्काटात मारली. संध्याकाळच्या गाडीनं घेऊन गेला. किताब इथंच राहिली."

"नाव काय त्याचं? मी शोधते, चाचा."

"नाव कुठं विचारलो मी कधी? बासष्ट म्हणायचो."

मी हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. दर वर्षी ते त्याला नवा पुठ्ठा घालत असणार.

"चाचा, तो आता नाही येणार."

"नसल येणार. पण आला तर या गल्लीतच येईल ना? त्याला दुसरा पत्ता कुठं माहीत?" पुस्तक माझ्या हातातून घेऊन त्यांनी कुर्त्याच्या बाहीने पुसले. "एकदा मी त्याला इथून घालवलं, बेटा. दुसऱ्यांदा आला अन् दुकानच नाय दिसलं, तर?"

मी समजवायला गेले होते. सलीमला फोन करून एवढेच सांगितले, की घाई करू नकोस. मग चाचांच्या शेजारी पुठ्ठ्यांवर बसले, आणि आम्ही दोघे सहा वाजेपर्यंत गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिलो.