सलीमभाऊंचा क्लेम

ज्या घरची पॉलिसी बंद पडली, त्या घरचा चहा विमा एजंट सलीमभाऊ पीत नसत. पाणी घेत, पण चहा आला की हात जोडत आणि शेजारपाजारला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "आधी पॉलिसी चालू करा, मंग चहा!" एकदा त्यांनी हे माझ्याच अंगणात, माझ्या सासऱ्यांसमोर केलं. मी गावचा मास्तर! असा पेटलो म्हणता! दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं हप्ता भरून आलो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. जिवतीच्या डोंगरातल्या एका गावात माझी शाळा होती. विमा कोणाकडून काढावा असं विचारलं, की सगळे कोरपन्याच्या सलीमभाऊंचं नाव सांगत आणि वर म्हणत, "पन सांभाळून बाप्पा, गोचीड आहे थो!" खोटं नव्हतं. चढावर लुना ढकलत यावं लागे, तरी माणूस यायचाच.

गावातल्या लच्चूनं त्यांच्याकडेच विमा काढला. फॉर्मवर वारस म्हणून बायकोचं नाव हवं होतं. पण नवराबायकोनं एकमेकांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी तिथली रीत. लच्चू नुसताच लाजत बसला. शेवटी ओट्यावर बसलेला घरातला म्हातारा म्हणाला, "बुधी." बुधवारी जन्मली म्हणून घरात बुधी. सलीमभाऊंनी तेच लिहून टाकलं.

दोन वर्षांनी लच्चूला साप चावला आणि तो गेला. बायकोच्या पदरात दोन पोरी. ऑफिसनं क्लेमचा कागद परत पाठवला. मतदार यादीत बाईचं नाव मैनाबाई, मग ही बुधी कोण?

"चूक माही आहे," सलीमभाऊ म्हणाले, "निस्तरनार बी मीच."

मग सरपंचाचा दाखला झाला, पोलीस पाटलाची सही झाली, माझ्या शाळेचं रजिस्टर झालं. तरी कागद हलेना. तेव्हा ते मैनाबाईला आणि मला घेऊन थेट चंद्रपूरला विमा ऑफिसच्या साहेबांसमोर उभे राहिले.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा," साहेब म्हणाले.

मैनाबाई जमिनीकडे बघू लागली. पुन्हा विचारलं, तर तिनं पदर तोंडाला लावला. साहेब फाइल मिटायला लागले.

"साहेब," सलीमभाऊ कडाडले, "नकली बायको असती तं आल्या आल्या नाव घेतलं असतं! हे बाई घेत नाई, म्हनून तं खरी आहे. फाइल उघडा. मी इथून उठून नाई राह्यलो!"

साहेबांना हसू फुटलं. सही झाली.

बसस्टँडवर मैनाबाईनं भीतभीत विचारलं, "भाऊ, तुमची बाई का करते?"

"शकीला? बाळंतपनात गेली. लेकरूही गेलं. पंधरा वर्सं झाले."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं या माणसाशी भांडलो, पण घरी कोण आहे हे कधी विचारलं नाही. फार लाज वाटली.

मैनाबाई मात्र भलत्याच गोष्टीनं चकित झाली होती. "तुमी नाव घेतलं तिचं!"

"आमच्यात चालते, बाई. रोज घरी गेलो का कुलूप उघडता उघडता आवाज देतो, शकीला!" सलीमभाऊ समोरच्या बसची पाटी वाचू लागले. "ओ देनारं कोनी नाई, म्हनून का हाक माराचं सोडू काय?"